दीड लाखाचा भोवरा

"दीड लाख घातले आन् पोरानं भोवरा केला." हे वाक्य आमच्या गावात आता म्हणीसारखं चालतं. कुणी नको तिथं पैसा घातला की लोक म्हणतात, याचा भोवरा झाला. सोसायटीच्या ओट्यावर, सलूनमध्ये, दूध घालायच्या रांगेत, सगळीकडं ऐकलं. भोवरा माझ्या पुतण्याचा. त्याने भंगारात निघालेला जुना लेथ आणला, तीन वर्षं खपून त्याला कॉम्प्युटर जोडला आणि त्यावर पहिली वस्तू काढली ती पितळेचा भोवरा.

मी दहावी शिकलेला, दिंडोरी तालुक्यात द्राक्ष आणि कांदा करणारा माणूस. लेथचा कारागीर नाही. पण या वाक्याला एकदा लिहून उत्तर द्यायचं ठरवलंय. हसणाऱ्याला वाटतं तो भोवऱ्याला हसतोय. माझ्या मते तो स्वतःच्याच पोरांना हसतोय, आणि त्याचं त्याला कळत नाही.

आधी हिशेब, कारण गावाला हिशेब लागतो. लेथ साडेचार फुटी, पंजाबातल्या बटाल्याच्या बनावटीचा. एका वर्कशॉपवाल्याने धंदा गुंडाळला तेव्हा भंगारवाला तो किलोवर मोजायला बसला होता. ४६० किलो भरला, ४० रुपयांनी १८,४०० झाले. टेम्पो आणि चेनपुली वेगळी. पुढं मोटारी, बॉल स्क्रू, ड्राइव्ह, पॅनेल, वायरी, जुना कॉम्प्युटर असं कधी पाच हजार, कधी बारा हजार करत एकूण १ लाख ४२ हजार झाले. गावाने आठ हजार आपल्या पदरचे घातले आणि दीड लाख केले. पैसे त्याचे, कारखान्यातल्या पगारातले. कर्ज नाही, सोसायटीचा बोजा नाही, बापाची जमीन गहाण नाही.

आता माझा उलटा सवाल. शर्यतीच्या बैलाला किती लागतात? चांगली जोडी लाखांतच बोलतात. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली शर्यती बंद केल्या, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात केवढी ओरड झाली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा गुलाल उधळला. मीही त्या आनंदात होतो, शर्यतीवर माझा राग नाही. पण त्या वेळी कुणी बैलवाल्याला विचारलं का, की बाबा, बैल पळाला तर एकरी उतारा किती वाढतो? लग्नात डीजे वाजतो, एका रात्रीत हजारो रुपयांचा आवाज होतो आणि सकाळी कानात किणकिण उरते. त्याचा हिशेब पारावर निघत नाही. मग लेथचाच का निघतो?

कारण सरळ आहे. मिरवायची हौस आपल्याला मंजूर आहे, शिकायची हौस मंजूर नाही. बैलाची हौस केली तर माणूस पाटील ठरतो, मशिनीची हौस केली तर येडा ठरतो. गाडीवर बसलेलं पोरगं शोभून दिसतं, गाडीखाली पडून हात काळे केलेलं पोरगं 'आपल्यातलं' वाटत नाही. हे आजचं नाही. ज्याच्या हाताला काळं लागतं त्याला खालचा मानायची खोड फार जुनी आहे. लोहार, सुतार, तांबट यांच्यावाचून ज्याचं एक दिवस चाललं नाही त्या गावाने त्यांना ओट्यावर बरोबरीने बसू दिलं नाही. जुन्या नाशकात तांबट लेन आहे. तिथल्या हातांनी नाशिकची भांडी नावारूपाला आणली. त्या हातांची किंमत आपण घंगाळाच्या भावात धरली, विद्या म्हणून कधीच धरली नाही.

आता पोराने केलं काय ते सांगतो. हसणाऱ्यांतल्या दहातल्या नऊ जणांनी मशीन बघितलेलंच नाही.

लेथ म्हणजे कुंभाराच्या चाकाचा लोखंडी भाऊ. चकात लोखंड धरायचं, ते फिरतं, आणि बाजूने धारदार टूल सरकवत त्याची साल काढायची. टूल दोन बाजूंना सरकतं, लांबीला आणि आडवं. दोन्हीला हाताची चाकं असतात. सगळी कारागिरी त्या दोन चाकांत. गुंडी, बुश, शाफ्ट अशी सरळ कामं एका वेळी एक चाक फिरवून होतात. भोवऱ्याचं पोट गोल आहे. तिथं दोन्ही चाकं एकाच वेळी, एक हळू एक जलद, आणि दर क्षणाला तो वेग बदलत फिरवावी लागतात. तालुक्याला एक म्हातारे टर्नर आहेत, ते हे नुसत्या नजरेने करतात. चाळीस वर्षांची नजर आहे ती.

पुतण्याने त्या दोन चाकांच्या जागी दोन मोटारी बसवल्या. साध्या मोटारी नाहीत, त्या पायरी-पायरीने फिरतात. एका फेऱ्याच्या २०० पायऱ्या. जुना झिजलेला स्क्रू काढून बॉल स्क्रू घातला, ज्याच्या आट्यांमधून बारीक छर्रे फिरतात, म्हणून त्यात जवळजवळ खेळ राहत नाही. त्याचा एक फेरा म्हणजे ५ मिलीमीटर. आता गणित करा. ५ भागिले २००, म्हणजे एक पायरी ०.०२५ मिलीमीटर. टूल आडवं तेवढं आत गेलं की वस्तूची जाडी दोन्हीकडून मिळून ०.०५ ने उतरते. पुतण्या त्या पायरीचेही ड्राइव्हमधून आणखी तुकडे करतो. हे गणित सातवीतल्या पोराला यावं असं आहे. पण सातवीत ते त्याला कुणी दाखवलं नाही, आणि दशांश चिन्ह कशाशी खातात हे त्याला पंचविसाव्या वर्षी लेथने शिकवलं.

चकाच्या मागच्या बाजूला एक एन्कोडर बसवलाय. चक आत्ता कुठपर्यंत फिरलं हे तो कॉम्प्युटरला सांगत राहतो. आटे पाडताना टूल दर वेळी त्याच जागेवरून आत शिरलं पाहिजे, नाहीतर आट्यावर आटा चढतो आणि काम वाया. जुन्या पद्धतीत यासाठी गिअर बदलावे लागायचे, आता दोन आकडे बदलावे लागतात.

विजेचं म्हणाल तर शेतीच्या फीडरवर थ्री फेज एका आठवड्यात दिवसा आठ तास, दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास. त्यावर मशीन चालवणं कायद्यातही बसत नाही आणि सोयीचंही नाही. म्हणून घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी लावला, तो सिंगलचं थ्री फेज करतो. त्यासाठी मोटारीचं कनेक्शन स्टारवरून डेल्टा करावं लागलं. स्टार-डेल्टा हा शब्द आमच्याकडं विहिरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, का ते फार थोड्यांना ठाऊक आहे. या पोराला आता का तेही ठाऊक आहे. मध्येच लाइट गेली तर मशीन आपली जागा विसरतं. लाइट आली की त्याला पुन्हा शून्यावर नेऊन उभं करायचं आणि मग पुढं चालायचं.

आणि कॉम्प्युटरमधली अक्कल? ती फुकट आहे. लिनक्स सीएनसी नावाचा प्रोग्राम आहे. त्याचं मूळ अमेरिकेच्या सरकारी मोजमाप संस्थेतलं, नव्वदच्या दशकातलं. सरकारी पैशातून झालेलं काम म्हणून ते सगळ्यांना खुलं राहिलं, आणि पुढं देशोदेशीच्या लोकांनी ते वाढवलं. अशा मशिनीची सुरुवातच मुळात १९५२ सालची, अमेरिकेतल्या एमआयटीत. हेलिकॉप्टरची पाती करणाऱ्या जॉन पार्सन्स नावाच्या माणसाच्या कल्पनेवरून कागदी पट्टीला छिद्रं पाडून मशीन चालवलं गेलं. विमानदलाच्या पैशावर झालेली ती विद्या सत्तर वर्षांनी कादवेच्या काठी एका पत्र्याच्या शेडमध्ये उतरली. शेडच्या एका कोपऱ्यात कांद्याची बारदानं आहेत आणि दुसऱ्या कोपऱ्यात फवारणीचा ब्लोअर. याला जर गाव हसणार असेल तर हसण्याचं कारण गावाने मला समजावून सांगावं.

आता दुसऱ्या हसणाऱ्यांकडं वळतो. ते शहरातले, जाणकार. ते म्हणतात, "तात्या, जुना लेथ तो जुनाच. त्याचा बेड झिजलेला. त्याला मोटारी लावल्या म्हणून तो कंपनीचं मशीन होत नाही. एवढ्या पैशात जॉबवर्क करून घेतलं असतं." यातलं पहिलं खरं आहे. झिजलेल्या बेडला कॉम्प्युटर सरळ करत नाही. लेथ नेहमी चकाजवळ झिजतो, कारण काम सगळं तिथंच होतं. पुतण्याने डायल लावून बघितलं, जिथं दबलंय ते तपासलं, पट्ट्या घासून बसवल्या, आणि उरलेला फरक किती आहे तो भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. आपल्या मशिनीची खोड भिंतीवर लिहून ठेवणारा माणूस मशिनीला फसवत नाही आणि मशीन त्याला फसवत नाही.

पण "जॉबवर्क करून घेतलं असतं" यात ते चुकतात. त्याला भोवरा नको होता. भोवरा जत्रेत दहा-वीस रुपयांना मिळतो. त्याला भोवरा करता यायला हवा होता. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि माझं सगळं भांडण तेवढ्या फरकाचं आहे.

पोरगा आठ तास कुठं असतो ते बघा. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत आमच्या भागातली शेकड्याने पोरं जातात. हा एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर आहे. नाव मोठं, काम काय? कच्चा माल लावायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं. वस्तू काढायची, गेजला लावायची, टोपल्यात टाकायची. पुन्हा हिरवं बटण. काही बिघडलं तर लाल बटण, आणि साहेबाला हाक. प्रोग्रामला पासवर्ड. आकडा एकानेही बदलायचा नाही. ज्या मशिनीपुढं त्याने सहा वर्षं काढली त्या मशिनीच्या पोटात काय आहे ते त्याला दाखवलेलं नाही. कारखान्याचंही मी समजू शकतो. लाखो रुपयांचं मशीन, हजारोंची ऑर्डर, कुणाच्याही हातात आकडे देऊन चालत नाही. पण मग पोराने शिकायचं कुठं? कंत्राट अकरा महिन्यांचं. उद्या माल लावायलाही यंत्राचा हात आला की हिरव्या बटणावरचं बोट घरी येणार. त्या बोटाला दुसरं काही येत नसेल तर ते वावरातही उपयोगाचं नाही आणि कारखान्यातही नाही.

घरच्या लेथवर पासवर्ड नाही. तिथं प्रोग्राम तो लिहितो, चूक त्याची, दुरुस्ती त्याची. टूल मोडलं तर तीनशे रुपये त्याचे जातात, आणि का मोडलं ते तो रात्री अकरापर्यंत शोधत बसतो. कारखान्यात तो मशिनीचा गडी आहे, घरी मशीन त्याचा गडी आहे. शेतकऱ्याच्या पोराला धन्याच्या नात्याने मशिनीपुढं उभं राहायला आज हौसेखेरीज दुसरी जागा उरलेली नाही. म्हणून मी हौसेची बाजू घेतो.

कुणी म्हणेल, तात्या, हौसेने पोट भरत नाही. नसेल भरत. पण पोट भरणाऱ्या किती गोष्टी हौसेतून आल्या ते मोजा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावात सायकलचं दुकान होतं. मशिनीच्या नादी लागलेला हा माणूस लोखंडी नांगर करायला लागला तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन नासते. नांगर पडून राहिले. पुढं १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि त्याच घराण्याने १९४१ मध्ये हरिहरला लेथ बनवायचा कारखाना काढला. जमीन नासते म्हणणाऱ्यांचे नातू लोखंडी नांगर ओढून मोठे झाले.

दुसरं उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातलं. नागभीड तालुक्यातले दादाजी खोब्रागडे, शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडल्या. त्यातून जो तांदूळ आला त्याला त्या काळी गाजलेल्या घड्याळावरून एचएमटी नाव पडलं. गंमत बघा, ही एचएमटी म्हणजे बंगळुरूला १९५३ मध्ये निघालेली सरकारी कंपनी, आणि तिचं पहिलं काम लेथ बनवायचं. लेथवरून नाव घड्याळाला गेलं, घड्याळावरून तांदळाला. खोब्रागड्यांनी चार लोंब्या वेगळ्या काढल्या तेव्हा कुणी त्यांना विचारलं असतं, "याचा फायदा काय?" तर त्या दिवशी त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. उत्तराला वर्षं लागली.

माझा पुतण्या किर्लोस्कर होईल असं मी म्हणत नाही. बहुतेक होणार नाही. पण शंभर पोरांनी हात काळे केले तर त्यातला एखादा काही करील. शंभरांना हसून घरी बसवलं तर एकही करणार नाही. हे गणित बियाण्याचं आहे, आणि ते शेतकऱ्याला तरी समजायला हवं.

आणखी एक गोष्ट, ती थेट आपल्या वावरातली. आता ट्रॅक्टरमध्ये सेन्सर आलेत, ठिबकला ऑटोमेशनचे डबे आलेत. बिघडलं की मेकॅनिक स्क्रीनकडं बघतो आणि म्हणतो, "हे उघडत नाही, अख्खा डबा बदलावा लागेल." द्राक्षाला पाणी थांबलंय, फुटी सुकतायत, आणि डबा यायला आठ दिवस. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी याच गोष्टीवर ट्रॅक्टर कंपन्यांशी भांडण मांडलं, आणि कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीची यंत्रं स्वतः दुरुस्त करायच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात शेतीची अवजारंही घेतली. चांगलं झालं. पण हक्क कागदावर आला तरी डबा उघडणारा हात गावात पाहिजे. तो हात वर्गात बसून तयार होत नाही. तो भोवरे करता करता तयार होतो. मागच्या हंगामात ब्लोअरच्या पंपाचा बुश गेला तेव्हा गावातल्या तिघांनी रात्री येऊन याच शेडचं दार वाजवलं. त्यांतले दोघे भोवऱ्याला हसणारे होते. पुतण्याने बुश करून दिले, पैसे पितळेपुरते घेतले, बोलला काही नाही. तो बोलत नाही म्हणून मी बोलतो.

हौसेची बाजू घेतली म्हणून मी तिला मोकाट सोडत नाही. या नादाला लागणाऱ्या पोरांना माझ्या चार अटी आहेत, आणि त्या मी शेडमध्ये बसून तीन वर्षांत जे बघितलं त्यावरून घातल्यात.

पहिली, वर्षभर हाताने लेथ चालवल्याशिवाय त्याला मोटार लावायची नाही. टूल लोखंडात शिरताना हाताला काय लागतं हे ज्याला माहीत नाही, त्याने लिहिलेला आकडा आंधळा असतो. पुतण्या रविवारचा त्या म्हाताऱ्या टर्नरकडं जाऊन बसायचा, आणि अजून जातो. दुसरी, धडधाकट लेथ फोडायचा नाही. ज्याचे गिअर, स्क्रू नीट आहेत तो एखाद्या टर्नरचं पोट भरू शकतो, तो त्याला जाऊ द्या. भंगारात निघालेला घ्या. तिसरी, हा धंदा म्हणून कर्ज काढायचं नाही. बॅंकेच्या पैशाने केलेली हौस तिसऱ्या हप्त्याला हौस राहत नाही. चौथी, जिवाची. चकासमोर उपरणं, मफलर, लोंबती बाही, हातमोजे चालणार नाहीत. चकाची चावी चकात ठेवून कुणी बटणाकडं हात नेला तर त्याला शेडबाहेर काढायचं. लाल बटण हाताशी, आणि त्याच्यापुढं बारदान ठेवायचं नाही.

आता गावाकडं आणि सरकारकडं माझं मागणं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे. डॉ. कलबाग नावाच्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेली पोरं तिथं हाताने काम करत शिकली, आणि एमआयटीच्या धर्तीची फॅब लॅब या खेड्यात २००२ साली आली. म्हणजे हे खेड्यात होत नाही असं कुणी सांगू नये. झालेलं आहे, आपल्याच राज्यात, चाळीस वर्षांपासून. अटल टिंकरिंग लॅबच्या नावाने शाळांना २० लाखांपर्यंत मदतही मिळते. पण एका शाळेत मी गेलो तेव्हा ते सामान कपाटात कुलूपबंद होतं. पोरं हात लावतील आणि मोडेल म्हणून. पोरांनी हात लावावा म्हणून आणलेलं सामान पोरं हात लावतील म्हणून कुलपात. कारखान्यातला पासवर्ड आणि शाळेतलं कुलूप एकच आहे.

म्हणून सांगतो. कारखाने, आयटीआय, बंद पडलेल्या वर्कशॉपा यांच्याकडून दरवर्षी जुनी मशिनं किलोवर जातात. ती भट्टीत वितळायच्या आधी एक तरी लेथ गावच्या हायस्कुलाने मागून घ्यावा. ग्रामपंचायतीने एक शेड द्यावी, वीजजोडणी द्यावी. रिटायर झालेले टर्नर, फिटर तालुक्याच्या प्रत्येक गावात आहेत. ओझरला विमानाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले लोक आमच्या आसपास पेन्शनवर बसलेत. त्यांना आठवड्यातून दोन दिवस मानाने बोलवावं, चहा पाजावा आणि खुर्ची द्यावी. पोरांनी पहिलं वर्ष हाताने काम करावं, दुसऱ्या वर्षी त्याच लेथला मोटारी लावाव्यात. आणि पहिली वस्तू त्यांना जे वाटेल ते करू द्यावं. त्यांनी भोवराच केला तर कुणी हसायचं नाही.